कचेरीत धरलेला श्वास

बहात्तरच्या दुष्काळात सगळे वाळले, मी तेवढा टवटवीत होतो. कारण मी दिवसातून तीन वेळा पोटभर संतापत असे. साताऱ्याच्या कॉलेजात चळवळीची हवा लागली होती आणि गावी संतापायला कारणही भरभक्कम होतं. सरकारी टँकर गावच्या विहिरीत रिकामा व्हायचा आणि त्या विहिरीला हात लावायची आमच्या बौद्ध वस्तीला चोरी. आमच्या बायका ओढ्यात झरे उकरून वाटीवाटीनं घागर भरायच्या.

अर्ज घेऊन कोरेगावच्या कचेरीत जायचं ठरलं. मी चार पानी भाषण पाठ केलं. विहारात एक भन्ते मुक्कामाला होते, त्यांना ते ऐकवलं. ते म्हणाले, "तुझा राग खोटा नाही. पण तोंड उघडण्याआधी श्वास बघ. येतोय, जातोय, एवढंच."

"हात्तिच्या!" मी म्हणालो.

बरोबर आत्ती आली. आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. वस्तीचं पाणी आणि माझं डोकं, दोन्हींची काळजी तिच्याकडे. कारकुनानं अर्ज न वाचताच बाजूला सारला. "टँकर गावाला दिलाय. तुम्ही काय गावाबाहेरचे आहात?"

माझं डोकं सणकलं आणि भन्ते आठवले. श्वास बघायचा होता. मी तो धरून ठेवला. राग निसटू नये म्हणून ओठही आवळले. कान तापले, डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि टेबलाची कड धरत मी अलगद खाली घसरलो.

"अरे, ह्याला फीट आली!" कारकून धावला आणि त्यानं स्वतःचा तांब्या माझ्या तोंडाला लावला. मी घटाघटा प्यालो.

"मिळालं की रं पानी," आत्ती म्हणाली, "पर तुला एकट्यालाच." मग कारकुनाकडे वळली. "आवं सायेब, तुमच्या तांब्याला काय झालं न्हाई न्हवं? मग गावच्या हिरीलाच काय हुतंय?"

कारकुनानं तांब्याकडे पाहिलं. मग अर्ज ओढला आणि वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी टँकरबरोबर तो स्वतः आला आणि विहिरीपाशी उभा राहिला. आत्तीनं घागर आत सोडली, तेवढ्यात पलीकडून कुणीतरी मुद्दाम खाकरून थुंकलं. माझ्या मुठी वळल्या. चार पानं अजून पोटात शिल्लक होतीच.

आत्तीनं मान वळवली नाही.

"श्वास सोड रं आधी," ती म्हणाली. "आन् हिकडं ये, दोर धर. लय जड झालीया."