रांजणातलं यीस्ट

मे महिन्यात जळगावचा पारा चव्वेचाळीसवर गेला आणि नेमकं त्याच दिवशी कॉलेजच्या प्रयोगशाळेतलं गारवा राखणारं यंत्र बंद पडलं. मेकॅनिक यायला आठ दिवस लागणार होते.

दिपमाला कपाळाला हात लावून बसली. पीएच.डी.साठी तिनं यीस्टचा एक नाजूक वाण जपला होता. पंचवीस अंशांत तो सुखानं वाढायचा, सदतिसात मान टाकायचा.

कुंदाबाई अठरा वर्षं तिथं काचसामान धूत होत्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण कुठली बशी कोणाची हे तोंडपाठ. माहेर पारोळ्याकडचं, त्यामुळे जिभेवर अहिराणी.

"ताई, पंचवीसच पायजे ना? मंग रडस कसाले? आमना घर कोरा रांजण शे!"

"अक्का, रांजणात प्रयोग? सर काय म्हणतील?"

"सरले मी सांगसू."

दुसऱ्या दिवशी रांजण रिक्षात बसून आला. कुंदाबाईंनी तो खिडकीशी ओल्या वाळूत रोवला, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि दिवसभर त्यावर पाणी शिंपडत राहिल्या. आत डब्यात यीस्टच्या बशा, सोबत थर्मामीटर; त्याचा आकडा कुंदाबाई दर तासाला वहीत लिहून ठेवत. बाहेरची कोरडी झळ गोणपाटाला लागून गार होत गेली. संध्याकाळी पारा सव्वीसवर उतरला. तिसऱ्या दिवशी बशांत यीस्टचे मोहरीएवढे पांढरे ठिपके उमटले.

त्याच दुपारी विभागप्रमुख पेला घेऊन रांजणाशी आले.

कुंदाबाई धावल्या. "सर, थांबा! त्यात पाणी नाही, ताईंची पीएच.डी. आहे!"

सर इतके हसले, की परवानगी मागायची राहूनच गेली.

दिपमालानं अर्ध्या पेशी तासभर सदतीस अंशांत ठेवल्या आणि कुंदाबाईंना सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. "हे चमकणारे ठिपके म्हणजे माल भरलेल्या पिशव्या. पेशीतल्या पडद्यावर एका स्निग्ध रेणूची खूण उमटते, तेव्हाच त्या पुढे निघतात. उष्णतेत खूण उमटत नाही."

कुंदाबाईंनी डोळा लावला. गार पेशींत ठिपके नव्या कोंबाकडे निघाले होते. तापलेल्यांत सगळे आतच तुंबले होते.

"अगं माय! माल भरेल शे, पन जावानं कोठे, हाई कोनी सांगंच नही!"

"अक्का, हेच सांगायला मला चाळीस पानं लागली."

दिपमालानं कुंदाबाईंच्या हातची तापमानाची नोंद प्रबंधाला जशीच्या तशी जोडली. कुंदाबाईंनी ते पान निरखून पाहिलं. "आधी सांगतं, तर अक्षर तरी चांगलं काढतू ना वं!"