मऊ लागला तर सांग

आमचे हे बोल्टांशी जितक्या लाडीगोडीनं बोलतात, तितक्या लाडीगोडीनं माझ्याशी एकतीस वर्षांत कधी बोलले नाहीत. "ये राजा, ये बाहेर, कोणी मारत नाही तुला." माझ्या वाट्याला आलं ते "अगं, चहा" एवढंच. होड्यांची इंजिनं दुरुस्त करणाऱ्या माणसाशी लग्न केलं, आता तक्रार कुणाकडे करायची!

यांच्या दुकानात शिरलं की दुपार जरा संथच होते. पत्र्याच्या भोकातून उन्हाची एक तिरीप आत येते, तिच्यात धूळ तरंगत राहते आणि तेलाच्या वासानं माझे डोळे जड होतात. त्या दिवशी स्टँडवर टांगलेलं इंजिन बघून मला वाटलं, हे अजून पाण्याखालीच झोपलंय, आणि त्याच्यासोबत आपण दोघंही. वर्षानुवर्षं खारं पाणी प्यायलेलं ते धूड. होडीवाल्याला त्याच्या पोटातले गिअर तेवढे वाचवून हवे होते. त्यासाठी खालचा भाग सोडवायला हवा, आणि तो सहा बोल्टांनी घट्ट धरून ठेवलेला. बोल्टांची डोकी पांढऱ्या भुकटीत बुडाली होती, जणू कुणी त्यांच्यावर पीठ चाळलंय.

त्या सहा बोल्टांवर आमचं पुढचं सगळं ठरणार होतं. साखरेच्या दुखण्यानं यांच्या बोटांची जाणीव कमी होत चालली होती. लेक कधीची आम्हाला तिच्याकडे, डोंगराजवळच्या गावात बोलावत होती, आणि मी तर मनातल्या मनात तिथल्या खिडकीला पडदेही लावून टाकले होते. शेवटी हे म्हणाले, "यातला एक जरी बोल्ट तुटला, तर दुकान बंद. मग तू म्हणशील तिथं येतो." खरं सांगते, तेव्हापासून मी बोल्ट तुटायचीच वाट बघत होते.

यांची रीत ठरलेली. आधी हातोडीनं डोक्यावर टकटक, मग गॅसची ज्योत, मग तापलेल्या बोल्टाला मेणबत्ती टेकवायची, म्हणजे मेण वितळून आट्यांत उतरतं. पाना लावला की आधी किंचित आवळायचा, तेव्हा कुठे सोडवायचा. असे पाच बोल्ट निघाले. सहाव्यापाशी यांनी बोटं झटकली, मूठ दोनदा उघडली, मिटली, आणि पाना माझ्यापुढे धरला.

"तू फिरव."

"मी? अहो, मला डब्याचं झाकण निघत नाही!"

"जोर नको, लक्ष हवं. चरचरला तर निघतोय. मऊ लागला तर त्याला आतून पीळ पडतोय, म्हणजे तुटणार. मऊ लागला तर सांग." मग खाली बघून म्हणाले, "मला आता ते कळत नाही गं."

एवढं यांनी आयुष्यात कधी कबूल केलं नव्हतं.

मी पाना फिरवला. मेणाचा धूर उन्हात हळूहळू वर चढत होता. बोल्ट चरचरला, जरासा फिरला, पुन्हा चरचरला. आणि मग मऊ झाला. लोखंड असं मऊ लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. हे माझ्या तोंडाकडे बघत होते. मला फक्त गप्प राहायचं होतं, आणखी पाव फेरा.

"मऊ लागतोय," मी म्हणाले.

यांनी पाना काढून घेतला नाही. "परत आवळ थोडा," एवढंच म्हणाले. पुन्हा ज्योत, पुन्हा मेण. पुढे, मागे, पुढे, मागे. उन्हाची तिरीप भिंतीवर चढली, तेव्हा सहावा बोल्ट अख्खा माझ्या हातात आला.

"गप्प राहिली असतीस, तर लेकीकडे गेलो असतो," हे म्हणाले.

"जायचंच आहे मला. पण तुम्ही हरलात म्हणून नाही."

बराच वेळ हे फडक्यानं त्या बोल्टाचे आटे पुसत बसले. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात जाऊ. तुटला असता ना, तर नुसता देह आला असता तुझ्याबरोबर. आता मी येतो."

जे ऐकायला मी इतकी वर्षं आसुसले होते ते कानांनी ऐकलं, आणि मेलं मलाच रडू फुटलं.

"पुढच्या महिन्यात?" मी म्हणाले. "इतकी काय घाई आहे?"