तेरा दिवस उभी जीप

दादाची जीप जुनी होती, पण भर पावसात आमच्या वरच्या वाडीपर्यंत पोचणारी तीच एक गाडी. खडकांना पोट घासू नये म्हणून त्याने ती उंच करून घेतली होती. ओढ्याचं पाणी आत शिरू नये म्हणून मागच्या ॲक्सलची हवेची नळी बॉनेटपर्यंत वर नेली होती. पुढची राहिली होती. तोवर नियम एकच: चाकं बुडतील एवढ्या पाण्यातून आलं, की दुसऱ्या दिवशी पुढच्या ॲक्सलचं तेल काढून बघायचं; पाणी मिसळून दुधाळ झालं असेल तर बदलायचं. पाना तो फिरवायचा, मी बॅटरीचा उजेड धरायचो. मी शिक्षक. मला सगळं पाठ होतं, हात मात्र कधी तेलकट झाले नव्हते.

एका शनिवारी तो वाडीवर औषधं पोचवून मांडीभर पाण्यातून परत आला, जेवला, आडवा झाला आणि उठलाच नाही.

तिसऱ्या दिवशी मी पाना घेऊन अंगणात उतरलो. चुलते ओटीवरून ओरडले, "ठेव तो! सुतक हाय घरात. तेरा दिवस हत्याराला हात लावायचा नाय."

"काका, आत पाणी गेलं असणार. आजच काढायला हवं."

"भाऊ गेला तुझा, नि तुला तेल सुचतंय?"

भेटायला आलेली माणसं माझ्याकडे बघत होती. मी पाना ठेवला.

चौदाव्या दिवशी महाडहून मेकॅनिक आला. त्याने पुढच्या ॲक्सलचा खालचा बोल्ट काढला. पातेल्यात पडलं त्याचा रंग बघून तो हसला, "मास्तर, चाय भरली होती काय?" मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने झाकण उघडायला घेतलं. आतली बेअरिंगं गंजली होती, गिअरचे दाते खरवडल्यासारखे झाले होते.

"दोन-तीन दिवसांत काढलं असतं तर नुसत्या तेलावर भागलं असतं. आता पुढची चाकं ओढायची नायत, नुसत्या मागच्यांवर वाडीचा चढ जमायचा नाय. सामान भंगारात शोधायला लागेल."

"लोखंडच ते," काका म्हणाले. "विकून टाक."

सुतक म्हणजे शोक करणाऱ्याला कामातून मोकळीक. हे मी वर्गात नीट समजावून सांगू शकलो असतो. अंगणात मला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही.

आठवड्याने वाडीवरून फोन आला. "मास्तर, आई घसरली, मांडी मोडलीय. दादांची गाडी धाडा."

"गाडी चढणार नाही."

"का? काय झालं तिला?"

"आम्ही तिला हात लावला नाही," मी म्हणालो. त्याला ते कळलं नसावं.

चौघांनी त्या म्हातारीला डोलीतून उतरवलं. वाटेत ती सारखी ओरडत होती म्हणे. हे ऐकून काका म्हणाले, "आधी डोलीच होती ना? मेली नाय ना?"

आयुष्यात पहिल्यांदा मी घरातल्या वडीलधाऱ्या माणसावर ओरडलो. काय बोललो ते इथे लिहीत नाही. ते ताट सोडून उठले. आजही आमचं बोलणं नाही.

पण राग काकांपाशी थांबत नाही. ते सत्तरीचे, काठी टेकत चालणारे. माझ्या हातातून पाना त्यांनी हिसकावून घेतला नव्हता. बोल्ट एक होता. दहा मिनिटांचं काम होतं.