गाईच्या पोटात गेलेली पानं

माझ्या नातीनं कुत्रं पाळलं आहे. त्याला काय द्यायचं नाही, हे डॉक्टरनं तिला लिहूनच दिलं आहे. मनुका नको, कांदा नको, चॉकलेट नको. परवा मी त्याच्यापुढे शिऱ्याचा घास धरला, मनुकांसकट, तर नात धावत आली आणि तिनं माझा हात धरला. "आजी, मरेल ना तो." मला राग आला. माझ्या हातून इतकी पोरं वाढली, आणि आता कुत्र्याला घास द्यायचा तर परवानगी काढायची. पण घास मी परत ताटलीत ठेवला. लाडानं चारून जनावर मारता येतं, हे मला शिकवायची गरज नाही. मी दहाव्या वर्षीच ते जवळजवळ करून बसले होते.

आम्ही तेव्हा मलकापुरात राहत होतो. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, वडील तहसील कचेरीत कारकून होते, आणि बदलीचा हुकूम नागपुराहून कधी येईल या धाकात घर असायचं. धाकटा भाऊ चार महिन्यांचा होता. बाळंतपणातल्या तापानं आईचं दूध आटलं, म्हणून वडिलांनी एक तांबडी गाय घेतली. भावाचं सगळं पोट त्या गाईवर होतं. माझा जीवही तिच्यावरच होता, कारण घरात माझ्याकडे लक्ष द्यायला दुसऱ्या कुणाला सवड नव्हती. मी जवळ गेले की ती खरखरीत जिभेनं माझं मनगट चाटत बसायची.

आमची आळी कारकुनांची, मास्तरांची. गाय एवढी आमच्याकडेच. सर्वपित्री अमावस्येला घरोघर पितरांचा स्वयंपाक व्हायचा, आणि एक पान गाईसाठी काढायचं म्हटलं की सगळी आळी आमच्या दारात. खीर, वडे, पुरण, भात, कढी, कोहळ्याची भाजी. पान घेऊन आलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. गाईनं तोंड लावलं नाही तर त्यांचे पितर उपाशी राहिले, असा त्याचा अर्थ.

आईनं मला गोठ्यापाशी बसवलं आणि बजावलं, "लोकायसमोर एक घास दे, बाकीचं टोपलीत टाक. ढोराचं पोट आहे ते, रांजण नाही."

पहिल्या दोन पानांचं मी तसंच केलं. पण गाय मान लांब करून टोपलीकडे बघायची, जीभ बाहेर काढायची. बायका म्हणायच्या, "काय वो, पोरीच्या हातून किती गोड खाते." मला भारी फुशारकी चढली. घरात रोज कडबा आणि मूठभर सरकी खाणाऱ्या माझ्या गाईला आज खीर मिळत होती, आणि मी ती टोपलीत टाकू? मी सगळी पानं तिला चारली. पंधरा-सोळा घरांची. टोपलीतलं आधीचंही चारलं. आईनं विचारलं तेव्हा एकेक घासच दिला, बाकीचं कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना घातलं म्हणून सांगितलं. आईला खरं वाटलं. मी तोवर कधी खोटं बोलले नव्हते.

सगळ्यांत शेवटी एक विधवा बाई आली. ती आळीत घरोघरी पापड, कुरडया करून द्यायची आणि त्यावरच तिचं चालायचं. नवऱ्याच्या नावाचं पान होतं. तिला ते स्वतःच्या हातानं चारायचं होतं. गाईनं तोंड फिरवलं. बाईचा चेहरा असा उतरला की आई म्हणाली, "थांबा, खाईन गाय." बाई गाईच्या गळ्याखाली खाजवत, तिच्याशी बोलत बसली आणि एकेक वडा करत तिनं सगळं पान गाईला चारलं. डोळे पुसत घरी गेली. हे आईनं उभं राहून पाहिलं.

तासाभरात गाईनं रवंथ थांबवला. मग डावी कूस फुगायला लागली. ती पाय आपटायची, वळून स्वतःच्या पोटाकडे बघायची. वडील गुरांच्या दवाखान्यात धावले, तर डॉक्टर बाहेरगावी गेलेला. आत भाऊ दुधासाठी रडायला लागला होता. आईनं गाईच्या गळ्यातलं दावं सोडून टाकलं. दावणीला बांधलेली गाय मेली तर गोहत्या मालकाच्या माथी येते, एवढं मला ठाऊक होतं. म्हणजे आईनं आशा सोडली.

वडील परतताना आळीच्या तोंडाशी राहणाऱ्या टांगेवाल्या चाचांना घेऊन आले. स्टेशनच्या टांगेवाल्यांत जनावरांच्या दुखण्यासाठी त्यांचं नाव होतं. त्यांनी कुशीवर टिचकी मारून कान लावला.

"पोटात काय काय गेलं, बराबर सांगा," ते आईला म्हणाले. "नुसता वारा धरला असला तं पाणी पाजा, तेल पाजा, सुटून जाईन. पण अन्न भरलं असलं तं पाणी म्हंजे जहर. अंदर फुगते ते, आन् जनावर हातचं जाते."

"दर घराचा एकेक घास, भाऊ. पोरीनंच देल्ला," आई म्हणाली. "आन् त्या बाईनं एक अख्खं पान चारलं. ते मी डोळ्यानं पाह्यलं."

"एका पानाचं काही नाही. मंग पाणी दाखवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खांबाला धरून उभी होते आणि तोंड उघडत नव्हतं. वडिलांच्या माराची भीती नव्हती. "एकेक घासच दिला" हे मीच आईला सांगितलं होतं, आणि आईनं ते परक्या माणसापुढे माझा हवाला देऊन सांगितलं होतं. आता ते खोटं ठरवायचं कसं? वडिलांनी विहिरीची भरलेली बादली आणून ठेवली. गाईला मोठी तहान लागली होती. तिनं मान खाली घातली, आणि मी धावत जाऊन बादलीला लाथ मारली.

वडिलांनी फाडकन मुस्काटात दिली. दुसरी द्यायच्या आत चाचा म्हणाले, "भाऊसाहेब, राहू द्या. पोरीले माह्यासंग येऊ द्या, टांग्यातून तेलाची बाटली आणतो."

टांग्यापाशी ते माझ्यासमोर उकिडवे बसले.

"काऊन सांडलं पाणी?"

मी चाकावरचा चिखल नखानं खरवडायला लागले.

"किती पानं गेले, बेटी?"

"सगळे," मी म्हणाले. "टोपलीत काहीच नाही ठेवलं."

ते उठले. "मी कोणाले नाही सांगत. तू सांगजो."

गोठ्यात येऊन त्यांनी नुसतं "पाणी नको आता" एवढंच म्हटलं. गाईच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली, म्हणजे ती चावत राहील आणि ढेकर येईल. बांबूच्या नळकांड्यानं जवसाचं तेल, हिंग आणि खायचा सोडा पाजला. कूस मुठीनं रगडली, आणि शिंगाला धरून आळीत तिला येरझारा घालायला लावल्या. मी मागून चालत होते. ती अडखळली की मी तिच्या पाठीला हात लावायचे. वारंवार मनात यायचं, हिला मी मारलं, आणि आता भावालाही मारणार. दिवेलागणीला तिनं मोठा ढेकर दिला. चाचा भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी बिडी पेटवली. मी इतकी रडले की आईला मला थापटावं लागलं.

गाय वाचली. दूध आठ-दहा दिवस गेलं, भावाला शेजारच्या बकरीच्या दुधावर दिवस काढावे लागले, पण तोही वाचला.

आळीला मात्र कारण हवं होतं, आणि ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. शेवटचं पान. त्या बाईच्या हातालाच काहीतरी आहे, असं आधी एक म्हणाली, मग सगळ्या म्हणायला लागल्या. पुढच्या उन्हाळ्यात पापडाला तिला कुणी बोलावलं नाही. आईनंही नाही. आज सांगू, उद्या सांगू, असं मी करत राहिले. आई त्या बाईचं नाव काढायची तेव्हा मी उठून जायचे.

पुढच्या सर्वपित्रीला ती आली. बरीच वाळली होती. अंगणात न येता रस्त्यावरच उभी राहिली आणि पान तिनं माझ्यापुढे धरलं.

"माह्या हातानं नको, माय," ती म्हणाली. "तू चार. तुह्या हाताले गुण आहे."

मी पान घेतलं आणि गाईला घास दिला. तिनं रस्त्यावरूनच गाईला हात जोडले, मग मलाही जोडले. ती वळून गेली, तेव्हा उरलेलं पान मी टोपलीत टाकलं.