विहंगचा काळापांढरा फोटो

धम्मानंदचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांची तोंडं मोठी करण्यात गेलं. आधी तो ब्रशने भिंती रंगवायचा, मग फ्लेक्सचं मशीन घेतलं. वाढदिवस, जयंती, निवड, श्रद्धांजली, कामठीत काहीही होवो, फ्लेक्स निघायचा तो याच्याच दुकानातून. माणूस कामाला वाघ, पण भारी उतावळा. गिऱ्हाईक दारात दिसलं की ‘झालंच समजा’ म्हणायचा, आणि या घाईनेच एकदा त्याचा घात केला.

सीमेवर तोफा सुरू झाल्या आणि गावातल्या एकूणएक पुढाऱ्याला जवानांचा उमाळा आला. सगळ्यांना फ्लेक्स हवा, तोही आजच. त्या गर्दीत विश्वनाथ सर आले. ते सैन्यभरतीची अकॅडमी चालवतात, पोरांना पहाटे पळवतात. त्यांच्याकडे शिकून भरती झालेला विहंग तेव्हा सीमेवरच होता. त्याचा मोठा फोटो, वर ‘वीर जवान’, खाली अकॅडमीचं नाव आणि ‘आता तुमची पाळी’, असं सरांनी सांगितलं. वातावरण तापलंय तोवर प्रवेश उरकून घ्यायचे होते त्यांना, दुसरं काय!

विहंगचा फोटो मोबाइलवरचा, चेहरा पिवळाधमक. तो सुधारत बसायला वेळ कोणाला होता? धम्मानंदने सरळ काळापांढरा करून टाकला आणि भोवती झेंडूच्या फुलांची चौकट बसवली. छान उठून दिसतंय, असं त्याला मनापासून वाटलं. संध्याकाळी फ्लेक्स चौकात चढला.

सकाळी विहंगची आई, तुळसाबाई, ऑटोत बसून नागपूरला कामाला निघाली होती. चौकात तिची नजर वर गेली. आता रंग उडालेला फोटो आणि भोवती फुलं, हे आपल्याकडे कोणाच्या नशिबी येतं ते शेंबड्या पोरालाही कळतं. आधीच लेकाचा फोन लागत नव्हता, त्यात हे. बाई चालत्या ऑटोतून उडी घ्यायला निघाली. लोकांनी तिला धरलं आणि ऑटो थांबवून खाली उतरवलं.

कोणीतरी धम्मानंदला निरोप दिला. तो चपला न घालताच धावला आणि त्याने स्वतः बांबूवर चढून फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. तेवढ्यात सरांचा फोन आला की राहू द्या, लोक थांबून थांबून बघताहेत. जन्मात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाला शिवी हासडली. मग उतरवलेला फ्लेक्स काखेत मारून तुळसाबाईला दुकानात नेऊन बसवलं आणि पुन्हा पुन्हा सांगितलं की चूक माझी आहे, फोटो खराब होता म्हणून रंग काढला, बाकी काही नाही.

“म्हणजे माहा विहंग चांगला हाय?”

“हाय ना मावशी.”

“तुले कोणं सांगतलं गा?”

धम्मानंदला कोण सांगणार? पोरगा या घडीला जिवंत आहे की नाही, हे त्याला तरी कुठे ठाऊक होतं? गावभर छातीठोक ओळी छापणारा हा गडी त्या माउलीला एक वाक्य देऊ शकला नाही. तो नुसता विहंगचा नंबर लावत राहिला, आणि दर वेळी फोनमधली तीच बाई सांगत राहिली की फोन संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. गिऱ्हाइकं दारातून परत गेली. धम्मानंदला तुळसाबाईकडे बघायची भीती वाटू लागली.

दुपारी तिचाच फोन वाजला. तिने तो धम्मानंदच्या हातात दिला आणि त्याने उचलून स्पीकरवर टाकला.

“माय, आत्ताच रेंज आली. गावच्या ग्रुपवर पाह्यला चौकातला माहा फोटो! इथले पोट्टे जळून राहिले नुसते. मी सुट्टीवर येतपर्यंत काढू नको देशील तो.”

धम्मानंदने मान खाली घातली. कापलेला फ्लेक्स त्याच्या पायाशीच पडला होता.

“नाही काढू देत,” तुळसाबाई म्हणाली. आवाज अगदी खणखणीत. “मस्त दिसून राहिला तू.”

विहंग अजून काही बोलत होता, पण लाइन तुटली. मग मात्र ती ओक्साबोक्शी रडली. धम्मानंदही रडला, लपवायला गेला नाही. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं.

“लाव गा परत,” ती म्हणाली. “फक्त माह्या पोराले रंग दे.”

त्याने मशीन सुरू केलं. विहंगचा चेहरा पूर्ण बाहेर येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.