विषयाच्या जागी तीन टिंबं

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा विश्वास फक्त गणितावर होता, आणि तोही स्वतः पडताळलेल्या. कुलूपबंद, म्हणजे कूटबद्ध ईमेलचे जागतिक नियम ठरवणाऱ्या मंडळींत ते आमच्या पुंडलिकनगरातून, घरबसल्या फुकट काम करत. आम्हाला वाटे, ते परदेशात कुणाशी तरी भांडतात. ते फारसं चूक नव्हतं. दूधवाल्याला ते दाराच्या भिंगातून रोज नव्यानं ओळखत. मला पहिली कुलूपबंद ईमेल पाठवण्याआधी जिना उतरून आले आणि त्या कुलपाच्या माझ्या किल्लीची, म्हणजे ती माझीच हे ओळखण्याच्या खुणेची, चाळीस अक्षरं माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली.

"फोनवर विचारायचं," मी म्हणालो.

"फोनवर तुम्हीच हाय, हे कशावरून?"

त्यांचा सगळा जीव त्या नियमांच्या मसुद्यातल्या एका परिच्छेदात अडकला होता. ईमेलचा मजकूर बंद, विषय मात्र उघडा, हे त्यांना सोसत नसे. "पाकीट डिंकानं चिकटवायचं, अन् वर लिहायचं आत काय हाय ते." बाहेर विषयाच्या जागी फक्त तीन टिंबं दिसावीत, असा नियम त्यांनी सुचवला होता. मंडळींची शंका एकच होती: असली ईमेल माणसं उघडतील का?

त्या वर्षी पैठणचं धरण तळाला गेलं. शहरात इमारती मात्र उठतच होत्या. आमच्या टँकरची वेळ फुटायची आणि मागची गल्ली ड्रम लावून आधीच उभी. शेजाऱ्यांना पुराव्याची संधी दिसली. नऊ घरांच्या फोनांत त्यांनी स्वतः किल्ल्या बसवल्या आणि वेळ तीन टिंबांखाली पाठवली.

टँकर आला तेव्हा खाली ते एकटेच, दोन बादल्या घेऊन. हाक मारणं म्हणजे उघडा निरोप, म्हणून मारली नाही. त्यांच्या दोन बादल्या भरून टँकर मागच्या गल्लीत गेला. तळमजल्यावरच्या मावशी रिकामी घागर घेऊन आल्या. "भाऊ, तुम्हीच शिकवलं ना, काही इचित्र दिसलं की उघडायचं नाय? नाय उघडलं."

त्यांनी दोन्ही बादल्या मावशींच्या दारात ठेवल्या. वर जाऊन मंडळींना सगळी हकीकत लिहिली आणि परिच्छेद मागं घेतला.

"अहो, तिकडं कुणाला कळणार होतं?" मी विचारलं.

"म्हणून तर लिहिलं."

आता ते लेकीकडं नाशिकला असतात. दर उन्हाळ्यात एक ईमेल येते, विषयाच्या जागी तीन टिंबं. मी लगेच उघडतो. आत एकच ओळ: पाणी कितव्या दिवशी येतंय? यात लपवण्यासारखं काही नाही. तरी उत्तर मी कुलूप लावून, माझ्या किल्लीची सही करूनच पाठवतो. उघडं पाठवलं तर मीच आहे, हे त्यांना कशावरून पटणार?