वरच्या मीटरचं बिल

बायको गेली आणि दोन महिन्यांत वरच्या खोल्यांतले भाडेकरूही गेले. भाडेकरू निवडायचं काम तिचं. मला ते कधी जमलं नाही. पण डोक्यावर कुणाची तरी पावलं वाजायला हवी होती. रिकामं घर खायला उठत होतं. भाड्याचं मागाहून.

एजंटाने एक जोडपं आणलं. मी नवऱ्याला विचारलं, "पगाराची स्लिप आणली का?"

"मला स्लिप नसते, आबा. मी रावेरला केळीच्या पॅकिंगवर आहे. काम निघालं तर पैसे. स्लिप हिची आहे." ती सरकारी कचेरीत कारकून होती.

"म्हणजे बाईच्या जिवावर बिऱ्हाड! मग तुम्ही काय, भांडी घासता?"

मला वाटलं, मान खाली घालेल. तो हसला. "घासतो ना. कळण्याची भाकरीही थापतो. गोल येते."

ती म्हणाली, "आबा, करारनाम्यावर दोघांची नावं घाला."

"या घरात करारनामा पुरुषाच्या नावाने होतो."

ती चिडली नाही. कागद करायला लाइट बिल लागेल म्हणाली. मी वरच्या मीटरचं बिल दिलं. तिने वाचलं. "हे नाव कुणाचं?"

"माझ्या बायकोचं. वारली."

तिने बिलाची घडी करून माझ्या हातात दिली. बोलली असती तर भांडलो तरी असतो.

"खोल्या द्यायच्या नाहीत," मी म्हणालो.

आता लपवून काय करू. बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. मी जिनिंगमधला हंगामी माणूस, कापूस संपला की घरी. हे घर तिच्या पगारावर उभं राहिलं. धरणगावहून जळगावला आलो, खोली शोधत होतो, तेव्हा एका घरमालकानेही मलाच विचारलं होतं, कमाई किती? माझ्याआधी तीच पुढे झाली. "मोठा पगार यास्नाच शे, नाना. मन्हं काय, वरखर्चापुरतं."

खोली मिळाली. मोठा पगार माझा असं खोटं का बोललीस, हे मी तिला विचारलं नाही. पुढे गल्लीत, नात्यात, सगळ्या बठ्ठ्यांना ती तेच सांगत राहिली आणि मी छाती काढून फिरलो. मरेपर्यंत तिने माझी लाज झाकली. त्या पोराला झाकायचं काही नव्हतं, याचाच मला राग आला.

आठ दिवसांनी एजंटाला फोन केला. "त्यांना पाठव. दोघांची नावं घालू."

"त्यास्ले घर मियनं, आबा," तो म्हणाला. त्यांनी दुसरीकडे खोल्या घेतल्या होत्या. "आते बसा तुम्ही बठ्ठास्ले हाकलत."

वर कुलूप आहे. त्या मीटरचं बिल दर महिन्याला येतं, तिच्या नावावर. वापर शून्य.